"कर्जमाफी होणार म्हणे…" हप्ता थांबवण्याआधी हे वाचा



यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सात गावांत गेले. प्रत्येक गावात तिळगुळाबरोबर एकच प्रश्न हातात पडला. "मॅडम, गटाचं कर्ज माफ होणार म्हणे, खरं का?" एका गावात तर एका ताईंनी मोबाईल पुढे केला. त्यावर मेसेज होता: 'सर्व महिला बचत गटांचे कर्ज माफ, घरपट्टीही माफ, हा मेसेज दहा जणींना पाठवा.' खाली ना तारीख, ना सही, ना कुठल्या खात्याचं नाव.

या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं. पण तेवढ्यावर भागत नाही हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. म्हणून ती चूक आधी सांगते.

एका "बघू या"ची किंमत

गोष्ट २०२४ च्या डिसेंबरातली. विधानसभेची निवडणूक नुकतीच झाली होती. प्रचारात शेतकरी कर्जमाफीची आश्वासनं दिली गेली होती आणि गावोगाव तीच चर्चा होती. मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते. एका गटाच्या बैठकीत चार जणींनी हप्ता आणला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "माफ होणारच आहे, तर कशाला भरायचं?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला नक्की माहीत नव्हतं. मी म्हणाले, "अजून काही सांगता येत नाही, बघू या."

माझ्या मनात त्याचा अर्थ होता 'मी चौकशी करते'. त्यांनी ऐकलं 'होणार असेल'. ऑफिसच्या मॅडमनीच "नाही" म्हटलं नाही, मग आणखी काय पाहिजे?

त्या गटात दहा जणी. बँकेचं ३ लाखांचं कर्ज, तीन वर्षांची मुदत, महिन्याचा हप्ता साधारण ९,३०० रुपये. डिसेंबरचा हप्ता त्यांनी गटाच्या शिल्लकीतून भरला. जानेवारीत सात जणींनी पैसे आणले नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीच नाही. हप्ता चुकून ९० दिवस झाले की बँक खातं 'थकीत' धरते, ज्याला बँकवाले एनपीए म्हणतात. एप्रिलच्या शेवटी या गटाचं खातं एनपीए झालं.

मार्च २०२५ च्या अखेरीस राज्याच्या अर्थमंत्र्यांनीच जाहीर सांगितलं होतं की ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरून टाका. ते ऐकलं सगळ्यांनी, पण तोवर तीन महिने निघून गेले होते आणि साठलेले हप्ते एकदम भरायला कुणाकडे पैसे नव्हते.

जूनमध्ये त्याच गटातल्या एका ताईंच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीसाठी २० हजार कमी पडत होते. गटात शिल्लक नाही. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, "आधी जुनं नियमित करा." शेवटी ताईंनी गावातल्या सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिना या दराने पैसे घेतले. महिन्याला एक हजार नुसतं व्याज. चार महिन्यांत ४ हजार गेले आणि मुद्दल जिथल्या तिथे. गटातून शेकडा एक रुपयाने मिळाले असते तर तेवढ्या दिवसांचं व्याज ८०० रुपये झालं असतं.

आणि एक लक्षात घ्या. या ताई पहिल्या चौघींमध्ये नव्हत्या. त्या शेवटपर्यंत म्हणत होत्या, "आपण भरत राहू." अफवेवर विश्वास एकीने ठेवला आणि भुर्दंड दुसरीला पडला. गटाचं कर्ज असंच असतं. ते सगळ्यांचं मिळून एक असतं.

हप्ता थांबवणाऱ्या ताईंना मी दोष देत नाही. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात त्यांना त्यापेक्षा बराच कमी भाव मिळाला. अडचणीतल्या माणसाला चांगली बातमी खरी वाटते. म्हणून तर नीट माहिती आधीच हातात हवी.

'माफी' म्हणजे नेमकं काय?

गावात आपण सगळ्यालाच 'माफी' म्हणतो. पण त्यात पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बातमी ऐकली की आधी ओळखा, यातली कुठली.

पहिली, कर्जमाफी. तुमचं देणं सरकार बँकेला भरतं आणि तुमचं खातं मोकळं होतं. पैसे कुणीतरी भरतंच. बँक आपल्या खिशातून सोडत नाही.

दुसरी, व्याज सवलत. मुद्दल तुम्हीच भरायचं, व्याजाचा काही भाग सरकार भरतं. आपल्या गटांना ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, ते अशाच सवलतीमुळे. ही सवलत आपल्याला आजही मिळते आहे, फक्त तिची मोठी बातमी होत नाही.

तिसरी, मुदतवाढ. हप्ता पुढे ढकलला जातो, माफ होत नाही. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्टपर्यंतचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. गावात बातमी पसरली, 'सहा महिन्यांचे हप्ते माफ'. प्रत्यक्षात त्या सहा महिन्यांचं व्याज चालूच राहिलं. नंतर सरकारने फक्त व्याजावरच्या व्याजाचा फरक दिला. ज्यांनी 'माफ' समजून पैसे खर्च केले, त्यांना पुढे जड गेलं.

चौथी, एकरकमी तडजोड. थकलेल्या खात्यात बँक म्हणते, एवढी रक्कम एकदम भरा, उरलेली सोडतो. यात खातं बंद होतं, पण तुमच्या कर्जाच्या नोंदीत 'पूर्ण फेडलं' असं न लिहिता 'तडजोड' असं लिहिलं जातं. पुढचं कर्ज देताना बँक ती नोंद बघते.

पाचवी, निर्लेखन, म्हणजे राइट-ऑफ. याबद्दल खाली वेगळं लिहिते, कारण सगळ्यात जास्त राग याचाच असतो.

आजवरच्या तीन मोठ्या कर्जमाफ्या

आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना मिळालेल्या तीन मोठ्या कर्जमाफ्या बघू या. प्रत्येकीत तीन प्रश्न विचारा: कर्ज कुणाचं, कर्ज कुठलं आणि कुठल्या तारखेचं?

२००८ ला केंद्र सरकारने कर्जमाफी दिली. ती २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. शेतीकर्जाला होती. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याची पात्र थकबाकी पूर्ण माफ, मोठ्या शेतकऱ्याला एकरकमी भरल्यास २५ टक्के सूट. पण कर्ज ३१ मार्च २००७ पर्यंत घेतलेलं आणि ३१ डिसेंबर २००७ ला थकलेलं हवं होतं.

२०१७ च्या जूनमध्ये राज्याने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंत माफी. अट अशी की कर्ज ३० जून २०१६ ला थकलेलं हवं.

२०१९ च्या डिसेंबरात महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. २ लाखांपर्यंतचं पीककर्ज. कर्ज १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकलेलं हवं. बाकी २ लाखांच्या वर असेल तर त्यात बसत नव्हतं.

आता तारखा पुन्हा वाचा. तिन्ही वेळा थकबाकीची तारीख घोषणेच्या आधीची आहे. म्हणजे घोषणेची चर्चा ऐकून ज्याने हप्ता थांबवला, त्याला त्यामुळे काहीच फायदा झाला नाही. जो आधीच खऱ्या अडचणीत होता, तो बसला. सरकारही जाणूनबुजून असं करतं. नाहीतर घोषणा ऐकली की सगळेच भरायचं थांबवतील.

आणखी एक गोष्ट. वेळेवर फेडणाऱ्यांनाही काहीतरी मिळालं. २०१७ च्या योजनेत नियमित फेड करणाऱ्या शेतकऱ्यांना २५ हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम होती. २०१९ च्या योजनेत ती ५० हजारांपर्यंत होती, जी २०२२ मध्ये द्यायला सुरुवात झाली. ती मिळायला वेळ लागला, सगळ्यांना मिळाली असंही नाही. पण 'भरणारा मूर्ख ठरतो' हे पूर्ण खरं नाही.

मग आत्ताची चर्चा कशाची?

३० ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की शेतकरी कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ. त्यासाठी समितीही नेमली आहे. हे खरं आहे. पण हे शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दल आहे. मी हे जानेवारी २०२६ मध्ये लिहितेय, आणि तोपर्यंत कुठलाही शासन निर्णय, म्हणजे जीआर, निघालेला नव्हता. कुठलं कर्ज, किती रक्कम, कुठली तारीख, हे सगळं त्या जीआरमध्ये ठरेल.

तुमच्या स्वतःच्या नावावर सातबारा असेल आणि सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज असेल तर तुम्हीही शेतकरीच आहात. निर्णय झाला तर तो तुम्हालाही लागू होऊ शकतो. त्यासाठी आत्ता एवढंच करा: आधार बँक खात्याशी जोडलेलं आहे का बघा, शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या, पीककर्जाचा खातेउतारा मागून ठेवा. मागच्या वेळी यादीत नाव येऊनही आधारवरचं आणि खात्यावरचं नाव जुळेना म्हणून कित्येकांना चकरा माराव्या लागल्या. माहेरचं नाव आधारवर आणि सासरचं नाव पासबुकावर असेल, तर ते आजच दुरुस्त करा.

गटाचं कर्ज यात येतं का?

वर सांगितलेल्या तिन्ही योजना शेतीकर्जासाठी होत्या. बचत गटाचं बिगरशेती बँक कर्ज त्यात नव्हतं. मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्जही नव्हतं. शिलाई मशीन, किराणा दुकान, लग्न, दवाखाना यासाठी घेतलेलं कर्जही नव्हतं.

पण ताई, मी तुम्हाला अर्धं सत्य सांगणार नाही. गटांची कर्जं कधीच कुठे माफ झाली नाहीत असं नाही. २०२१ मध्ये तामिळनाडू सरकारने सहकारी बँका आणि संस्थांनी बचत गटांना दिलेली कर्जं माफ करायचा निर्णय घेतला. पण फक्त सहकारीच, इतर बँकांची नाही.

आंध्र प्रदेशाची गोष्ट त्याहून शिकवणारी आहे. तिथे महिला गटांना 'ड्वाक्रा' गट म्हणतात. २०१४ च्या निवडणुकीत शेतकऱ्यांबरोबर या गटांनाही कर्जमाफीचं आश्वासन मिळालं. कित्येक गटांनी हप्ते थांबवले. निवडणूक झाली, पण सरसकट माफी झाली नाही. त्याऐवजी प्रत्येक सभासदाला १० हजार रुपये देऊ असं ठरलं, तेही टप्प्याटप्प्याने. दरम्यान थांबलेल्या खात्यांवर व्याज चढत गेलं. पुढे दुसरं सरकार आलं आणि २०२० पासून 'वायएसआर आसरा' योजनेत ११ एप्रिल २०१९ ला जी बाकी होती, तेवढी रक्कम चार टप्प्यांत दिली.

म्हणजे २०१४ ला आश्वासन ऐकून थांबलेल्या बाईला बाकीएवढी रक्कम मिळायला सुरुवात झाली ती सहा वर्षांनी. सहा वर्षांत आपल्या घरात काय काय होतं? मुलगी दहावीतून पदवीपर्यंत पोचते. तेवढा काळ बँकेचं दार बंद ठेवणं आपल्याला परवडेल का, हा हिशेब प्रत्येकीने स्वतः करावा.

आपल्या राज्यातही नोटाबंदीनंतर, २०१६-१७ मध्ये, विदर्भातल्या काही भागांत 'मायक्रोफायनान्सचं कर्ज माफ झालं' अशी अफवा पसरली होती. हप्ते थांबले. माफी काही झाली नाही.

थांबवल्यावर काय जातं, ते मोजा

समजा, गटाकडे ३ लाख वर्षभर बाकी आहेत. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज २१ हजार. खातं थकीत गेलं आणि सवलत हातची गेली, आणि दर १० टक्के लागला, तर तेच व्याज ३० हजार. फरक ९ हजारांचा. दहा जणींत वाटला तर प्रत्येकी ९०० रुपये, वर दंडाची आकारणी वेगळी.

दुसरं नुकसान पैशात दिसत नाही. आपल्या गटाला १० लाखांपर्यंतचं कर्ज तारण न ठेवता मिळतं. घर नाही, जमीन नाही, दागिना नाही. बँक आपल्याला देते ती फक्त आपल्या फेडीच्या नोंदीवर. ज्या बाईच्या नावावर काहीच नाही, तिच्यासाठी ही नोंद हीच तिची जमीन आहे. आणि आता नोंद फक्त गटाची राहत नाही. सभासदांची माहितीही क्रेडिट ब्युरोकडे जाते. उद्या तुम्ही एकट्या कर्ज मागायला गेलात तरी ती निघते.

घरपट्टी आणि इतर कर माफ झाले का?

मेसेजमध्ये घरपट्टीचंही होतं. हे कुठून आलं असावं? मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करायची घोषणा १ जानेवारी २०२२ ला झाली होती. ती मुंबईपुरती होती. बातमीतलं 'मुंबई' गळून पडलं आणि '५०० फुटांपर्यंतची घरपट्टी माफ' एवढंच गावोगाव फिरत राहिलं.

तसंच प्राप्तिकराचं. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जुन्या, छोट्या कर-मागण्या मागे घेतल्या गेल्या: २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातल्या १० हजारांपर्यंतच्या. ही खरी माफी होती, पण प्राप्तिकराची. आपल्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टी-पाणीपट्टीशी तिचा संबंध नाही.

गावाच्या कराबद्दल सवलत असेल तर ती ग्रामपंचायतीत लेखी असते. ग्रामसेवकांना विचारा, 'ठराव किंवा आदेश दाखवा', आणि भरल्यावर पावती घ्या. आणि ताई, तुमच्यापैकी कुणाला सदस्य किंवा सरपंच व्हायचं असेल तर हे लक्षात असू द्या. ग्रामपंचायतीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर ती व्यक्ती अपात्र ठरू शकते. ५० टक्के जागा आपल्या आहेत, आणि घरपट्टीच्या बाकीवरून अर्ज बाद झाला तर वाईट वाटेल.

थकबाकीदारांना कधी लोकअदालतीची नोटीस येते. ती बघून घाबरू नका आणि 'माफी आली' असंही समजू नका. तिथे दोन्ही बाजूंनी बसून तडजोड करायची असते. नोटीस फाडू नका, तारखेला जा.

"मोठ्यांचं माफ होतं, मग आमचंच का नाही?"

हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत येतो आणि तो योग्यच आहे. टीव्हीवर दाखवतात, बँकांनी उद्योगपतींची इतकी कोटींची कर्जं 'राइट-ऑफ' केली. राइट-ऑफ म्हणजे बँक आपल्या मुख्य हिशेबातून बुडीत कर्ज बाजूला काढते. कर्जदाराचं देणं कायद्याने संपत नाही, वसुलीचा हक्क राहतो. पण प्रत्यक्षात त्यातली सगळी रक्कम परत येत नाही हेही खरं आहे. तेव्हा राग येणं साहजिक आहे. मलाही येतो.

पण तो राग आपण आपला हप्ता थांबवून व्यक्त केला, तर त्याची झळ त्या उद्योगपतीला लागत नाही. ती लागते आपल्याच गटातल्या, नर्सिंगची फी भरायला निघालेल्या बाईला. प्रश्न विचारायचे तर ग्रामसभेत विचारा, मत मागायला येतील तेव्हा विचारा, प्रभागसंघाच्या ठरावातून विचारा. आणि विचाराच.

फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्यापासून सावध

अफवेच्या मागे फसवणारे येतात. 'पाचशे रुपये द्या, कर्जमाफीचा फॉर्म भरतो', 'कर्जमुक्तीचं प्रमाणपत्र काढून देतो' असं म्हणणारी माणसं फिरतात. डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर इशारा दिला होता: काही लोक फी घेऊन कर्जमाफीची प्रमाणपत्रं देत आहेत, त्यांना तसा कुठलाही अधिकार नाही, त्यांच्या नादी लागू नका.

पैशांपेक्षा मोठा धोका अंगठ्याचा आहे. आधारच्या मशीनवर अंगठा दिला की खात्यातून पैसेही निघू शकतात. फॉर्मसाठी म्हणून अंगठा, ओटीपी, पासबुकचा फोटो कुणाला देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

बातमी खरी का खोटी, कसं ओळखाल?

१. जीआर आहे का? खऱ्या जीआरवर विभागाचं नाव, क्रमांक, तारीख असते आणि शेवटी लांबलचक संकेतांक असतो. तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर सापडतो. सीआरपी ताईंना किंवा मला शोधायला सांगा.

२. भाषण, जाहीरनामा, समिती आणि निर्णय या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. निर्णय झाल्याशिवाय खातं बदलत नाही.

३. बँकेला विचारा: 'आमच्या गटाच्या खात्याला हे लागू आहे का? लेखी द्या.' बँक सखी सोबत असतील तर उत्तम.

४. 'दहा जणींना पाठवा' असं लिहिलेलं असेल तर एकीलाही पाठवू नका.

खरंच भरणं जमत नसेल तर?

अफवा वेगळी आणि अडचण वेगळी. पीक गेलं, घरात आजारपण आलं, तर हप्ता चुकू शकतो. तेव्हा गप्प बसू नका. हप्त्याच्या आधीच्या बैठकीत सांगा. गट त्या महिन्यापुरतं सांभाळू शकतो. त्याचा ठराव लिहा आणि कर्ज रजिस्टरला नोंद करा, म्हणजे नंतर भांडण नको. अडचण मोठी असेल तर ग्रामसंघाकडे जा. जोखीम प्रवणता निधी अशाच वेळेसाठी आहे. ९० दिवस व्हायच्या आत बँकेत जाऊन हप्त्याची फेरमांडणी होते का विचारा.

मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर तुमचे हक्कही माहीत हवेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, धमकी-शिवीगाळ करायची नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील तर नवीन कर्ज द्यायचं नाही, असाही नियम आहे. त्रास झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा क्रमांक आहे.

त्या गटाचं पुढे काय झालं?

जुलैत आम्ही सगळ्या पुन्हा बसलो. मी आधी माझी चूक कबूल केली. मग दहाही जणींनी मिळून ठराव केला: दर महिन्याला चालू हप्ता आणि थोडी मागची बाकी. ग्रामसंघाने थोडा हातभार लावला. सुरुवातीला हप्ता थांबवणाऱ्या एका ताईंनी शेळी विकली आणि सगळ्यात आधी आपली बाकी भरली. दिवाळीच्या आत खातं नियमित झालं. नर्सिंगवाल्या ताईंना गटातून पैसे मिळाले आणि त्यांनी सावकाराला चुकतं केलं. त्याला गेलेले ४ हजार मात्र परत आले नाहीत.

आता मला कुणी विचारलं तर मी "बघू या" म्हणत नाही. मी म्हणते, "आजच्या तारखेला गटाचं कर्ज माफ नाही. लेखी निर्णय आला तर मी स्वतः कागद घेऊन येईन. तोपर्यंत हप्ता चालू." आणि उद्या खरंच काही आलं, तर ते घ्यायला आपली कागदपत्रं तयार असतील.

पुढच्या बैठकीत हा लेख एकीने मोठ्याने वाचावा. मग तीन गोष्टी इतिवृत्तात लिहा: आपल्या गटाची आजची बाकी किती, शेवटचा हप्ता कुठल्या तारखेला भरला, आणि कुणाला पुढचा हप्ता जड जाणार आहे. तिसऱ्या प्रश्नाला कुणी मान खाली घातली, तर तिला हसू नका. तिच्याशेजारी बसा.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक